आधी मराठी अक्षर

मी पुण्यात ग्राफिक डिझायनर आहे. बोधचिन्हं, वेष्टनं, मुखपृष्ठं असं सगळंच करतो, पण जीव अडकलाय तो देवनागरी अक्षरात. ती गोडी चाळीसगाव तालुक्यातल्या आपल्या या शाळेने लावली, म्हणून शाळेच्या महोत्सवानिमित्त हे लिहितोय.

आठवीत चित्रकलेच्या सरांनी सुविचाराचा फळा माझ्याकडे सोपवला, पण खडू हाती देण्याआधी बोरूची लेखणी कापायला शिकवलं. टोक तासून झालं की चाकूने तिरपा काप द्यायचे आणि म्हणायचे, "सगळं वळण ह्या कापात आहे." त्या कापामुळे रेघ एका दिशेला जाड उतरते, दुसऱ्या दिशेला बारीक. रोमन अक्षरांना हाच काप उलट बाजूने लागतो, हे पुढे मुंबईला जे.जे. उपयोजित कला संस्थेत शिकताना कळलं आणि सरांची फार आठवण आली. फळ्यापाशी थांबून शिपाईकाका अहिराणीत विचारायचे, "कोनं अक्षर शे हाई?" (कुणाचं अक्षर आहे हे?) तेव्हा ऊर भरून यायचा.

सरांनीच आम्हाला चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन दाखवलं. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून मूस यांनी फोटोंत अख्खे देखावे उभे केले होते. फोटोग्राफीचा नाद मला तिथूनच लागला.

मुंबईत र. कृ. जोशी आणि कमल शेडगे या अक्षरकारांचं काम डोळ्यांत साठवलं. संगणकावरचा 'मंगल' फॉन्ट जोशींचा. शेडग्यांनी जाहिरातीत काढलेलं नाटकाचं नाव पाहिलं की नाटक गंभीर की हलकंफुलकं, ते लगेच उमगायचं.

आमच्या धंद्यात बहुतेकदा इंग्रजी नाव आधी रेखाटतात आणि मराठी मागून त्यात बसवतात. मला हे पटत नाही. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. मराठीला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा हवीच. मध्यंतरी जळगावकडच्या एका गृहउद्योगासाठी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची पिशवी केली. 'कळणा' लिहिताना क आणि ळ यांचे गोलावे शेजारी येतात, पुढे ण आणि काना यांचे उभे दंड. पट्टीने सारखं अंतर दिलं तर गोलावे सैल दिसतात आणि दंडांची गर्दी होते. ते डोळ्यानेच जुळवावं लागतं. मी आठवडाभर तेवढं एकच नाव काढत होतो. इंग्रजी नाव त्यानंतर, त्याच वळणाचं केलं.

सुटीत गावी आलो की आठवडे बाजारात फिरून हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढतो. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या जुन्या लग्नपत्रिकाही जमवतो. कुणाच्या पेटीत असतील तर जरूर कळवा, फोटो काढून परत देईन.

महोत्सव समितीला एक विनंती आहे. येत्या उन्हाळी सुटीत मुलांसाठी आठवडाभराचा अक्षरवर्ग घ्यायची माझी तयारी आहे. बोरू, शाई, कागद मी आणतो. शाळेने चित्रकलेची खोली तेवढी उघडून द्यावी.