फायरप्लेसभोवतीचं अंगण: जे तापतं ते सुटं ठेवायचं

अंगण म्हटलं की डोळ्यापुढे आधी फरशी येते आणि आखणीही तिथूनच सुरू होते. अंगणात विटांचं फायरप्लेस बांधताना मी उलट्या क्रमाने गेलो: आधी वारा, मग आग, मग खुर्च्या, सगळ्यात शेवटी फरशी. आगीची जागा एकदा बांधली की हलवता येत नाही. फरशीचं तसं नाही, ती उचलून पुन्हा बसवता येते.

वाऱ्यासाठी चार काठ्यांना हलक्या कापडाच्या पट्ट्या बांधून त्या जागेवर रोवल्या आणि आठवडाभर संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी आग पेटणार त्याच वेळी, दिशा टिपली. फायरप्लेसच्या पाठीमागून येणारा वारा त्याच्या तोंडापुढे, म्हणजे आगीच्या उघड्या बाजूपुढे, भोवरा धरतो आणि धूर बाहेर ओढतो. समोरचा वारा थेट आत घुसून राख उडवतो. म्हणून नेहमीचा वारा तोंडासमोरून आडवा जाईल, असं तोंड ठेवलं. खुर्च्या खऱ्याच मांडून मापं घेतली. आगीपासून गुडघे 6 फुटांवर, खुर्चीला 3 फूट, मागून ये-जा करायला 3 फूट, असे 12 फूट झाले. रुंदी 16 फूट ठेवली. खुंटीला दोरी बांधून 6 फुटांची कमान फक्कीने आखली, तेव्हाच कळलं की सरळ रांगेपेक्षा कमानीत दोन खुर्च्या जास्त बसतात आणि कोणाचीच पाठ कोणाकडे होत नाही.

आता वजन. 5 बाय 3 फुटांचं विटांचं बूड, त्यावर 5 फुटांचं धुराडं. हिशोब केला तर साडेचार टनांच्या आसपास भार येतो. तो फरशीखालच्या पातळ काँक्रीटवर टाकला की एका बाजूने खचणार आणि धुराडं कलणार. त्यामुळे भरावाची माती पूर्ण काढून कठीण जमिनीपर्यंत गेलो आणि चारही बाजूंनी 6 इंच जास्त, म्हणजे 6 बाय 4 फुटांचा, 12 इंच जाडीचा स्वतंत्र पाया घातला. त्यात 12 मिमीच्या सळया दोन्ही दिशांना 6 इंचांवर. जिथे जमीन गोठते तिथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. या पायाचा फरसबंदीशी कुठेही सांधा ठेवला नाही. मध्ये अर्ध्या इंचाची फट सोडली आणि तिच्यात दबणारी फोमची पट्टी भरली.

सुटं ठेवण्याचा हाच नियम आतही लागतो, आणि बहुतेक चिरा तो मोडल्यामुळेच पडतात. आग पेटते त्या कप्प्याला फायरब्रिक, म्हणजे उष्णता सोसणारी वीट, आणि उष्णतारोधक मसाला वापरला, दरज 2 ते 3 मिमीचीच. साधा सिमेंटचा मसाला इथे चालत नाही: सुमारे 450 अंश सेल्सिअसला त्यातल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पाणी निघून जातं, आणि पुढच्या पावसात ओल शोषून तो फुगतो, मग भुगा होऊन गळतो. फायरब्रिकची भिंत आणि बाहेरची भिंत यांत 1 इंच अंतर ठेवून मिनरल वूल, म्हणजे न जळणारी तंतूंची लोकर, भरलं. गवंड्याचा हात सवयीने त्या फटीत मसाला सारतो. तिथे उभं राहून लक्ष ठेवावंच लागतं, कारण चार थापी मसाल्याने दोन्ही भिंती जखडल्या की आतली भिंत तापून बाहेरचीला ढकलते. तोंडावरच्या विटा पेलणाऱ्या लोखंडी अँगलचंही तसंच. त्याची दोन्ही टोकं वूलमध्ये गुंडाळून पुढे बोटभर जागा मोकळी सोडली. ही जागा नसेल तर तोंडाच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, ती याच अँगलची.

आता धुराची मापं. तोंड 36 इंच रुंद, 30 उंच. तोंडापासून मागपर्यंत खोली 16 इंच, मागची भिंत 18 इंच रुंद, दोन्ही बाजूच्या भिंती तिरक्या. उथळ आणि तिरक्या भिंतींची ही रचना बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रम्फर्ड, यांनी 1796 च्या निबंधात मांडली होती. धग लाकडांमागे न अडकता बसणाऱ्यांकडे येते. अँगलच्या 8 इंच वर, धूर धुराड्यात शिरतो तिथे, 4 इंचांचा अरुंद गळा ठेवला. घरातल्या उंच धुराड्याला धूर जाणाऱ्या नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पुरतं. उघड्यावरचं धुराडं बुटकं असतं, ओढ कमी असते, म्हणून 12 बाय 12 इंचांची नळी घेतली: तोंडाच्या 1080 चौरस इंचांना नळीचे 144, म्हणजे साडेसातावा हिस्सा.

तरीही पहिल्या चाचणीत धूर वरच्या कडेने बाहेर आला. बाहेरची दगडी मढवणी करायच्या आधीच चाचणी घेतली होती, ते बरं झालं. पत्र्याचा तुकडा तोंडाच्या वरच्या कडेला धरून हळूहळू खाली आणत गेलो. अडीच इंचांवर धूर थांबला. मग तळाला 3 इंचांचा फायरब्रिकचा एक थर वाढवला, तोंड 27 इंचांचं झालं आणि प्रश्न सुटला. मढवणीनंतर हे कळलं असतं तर काळी पडलेली कड कायमची राहिली असती.

फरसबंदीचं काम त्या मानाने सरळ. 60 मिमी जाडीचे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, खाली 1 इंच जाड वाळू, त्याखाली 6 इंच खडी. खडी 3-3 इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबलेला. दाबल्यावर 96 घनफूट भरते, म्हणून सैल 120 मागवली. वाळूसाठी 1 इंच व्यासाचे दोन पाइप खडीवर ठेवून त्यांवरून सरळ फळी ओढली. खडीतला खळगा वाळूने भरायचा नाही; तिथली वाळू नंतर दबते आणि पाणी साचतं. उतार 60 ला 1, म्हणजे 12 फुटांत सुमारे अडीच इंच, आगीपासून आणि घरापासून दूर. आगीपुढे 20 इंच पेव्हर न लावता दगडी पट्टा दिला, कारण निखारे तिथेच उडतात. शोभेसाठी नदीतले गोटे आगीजवळ कुठेही घातले नाहीत. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

धुराड्यावर टोपी आणि अर्ध्या इंचाची जाळी. बांधकाम 28 दिवस सुकू दिलं, मग पाच दिवस फक्त काटक्यांची आग, रोज थोडी मोठी. विटांवर ओले डाग उमटून जात होते; ते यायचे थांबल्यावरच ओंडके लावले, तेही 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचे. राख रोज काढायची गरज नाही. काढाल तेव्हा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरा, आतले निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात.