बाईच्या नावावर काय होते?

श्रीमंत नवऱ्याने सुपारी देऊन बायकोचा काटा काढल्याच्या सत्यकथा मी अनेक वर्षे मन लावून वाचत आले आहे आणि त्यांच्याविषयी माझी एक तक्रार आहे. त्या कथा नवऱ्याच्याच तोंडाकडे बघत बसतात. त्याचा बंगला, त्याच्या गाड्या, त्याची नवी मैत्रीण यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात; मारली गेलेली बाई मात्र पहिल्याच प्रकरणात दारात कोसळते आणि पुढे केवळ एका छायाचित्रापुरती उरते.

खानापूरच्या माझ्या मावशीला मी अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या लिटा सुलिव्हन यांच्या खुनाची हकीकत सांगितली, तेव्हा खुनी कोण हे विचारण्याआधी तिने विचारले, "बाईच्या नावावर काय होतं गं?" घरातल्या वाटण्या आणि उताऱ्यावरची नावे आयुष्यभर पाहत आलेल्या बाईचा तो प्रश्न होता आणि तो नेमक्या जागी लागला. १६ जानेवारी १९८७ रोजी सकाळी फुले पोचवायला आल्याचे भासवून एक माणूस गुलाबांचा लांबट खोका घेऊन लिटा यांच्या दारी आला आणि त्यांनी दार उघडताच त्याने गोळी झाडली. घटस्फोटाच्या दाव्यात मालमत्तेच्या वाटणीसंबंधीची सुनावणी त्याच दिवशी व्हायची होती. नवरा, जेम्स सुलिव्हन, त्या वेळी दूर फ्लोरिडात, पाम बीचच्या आपल्या हवेलीत होता. गोळीबारानंतर तासाभराच्या आत हमरस्त्याकडेच्या एका सार्वजनिक फोनवरून त्याच्या घरी फोन झाल्याची नोंद तपासात सापडली. तरीही १९९२ मध्ये संघीय न्यायालयातील खटला पुराव्याअभावी टिकला नाही, कारण फोन झाला एवढेच कळत होते, बोलणे काय झाले ते कळत नव्हते. पुढे १९९८ मध्ये एक ट्रकचालक पकडला गेला, तोही त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीने तोंड उघडले म्हणून. सुपारी होती २५,००० डॉलरची. सुलिव्हन देश सोडून पळाला, २००२ मध्ये थायलंडमध्ये सापडला आणि २००६ मध्ये दोषी ठरला. म्हणजे खुनापासून निकालापर्यंत १९ वर्षे गेली आणि एवढा काळ लिटा यांच्या आई-वडिलांनी पिच्छा सोडला नाही. मला पुस्तकात हे आई-वडील हवे असतात. त्यांच्या वाट्याला फार थोडी पाने येतात.

पैशाने मारेकरी मिळतोच, पण त्याहून मोलाची गोष्ट मिळते ती म्हणजे अंतर. आपल्याकडे घराच्या चार भिंतींत पत्नीचा खून झाला आणि नवरा तेथेच असल्याचे सिद्ध झाले, तर पुरावा कायद्याच्या कलम १०६ नुसार (नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ आहे) काय घडले याचा खुलासा न्यायालय त्याच्याकडे मागू शकते. सुपारी देणारा नवरा मात्र त्या वेळी दुसऱ्या गावात, चारचौघांत बसलेला असतो. हुंडाबळीचे कायदेशीर गृहीतकही, म्हणजे हुंड्यासाठी छळ झालेल्या बाईच्या मृत्यूला नवरा जबाबदार आहे असे धरून चालणे, लग्नानंतरच्या सात वर्षांपुरतेच आहे. त्यामुळे वीस वर्षे संसार केलेल्या बाईच्या बाबतीत कट एकेक दुवा जोडूनच सिद्ध करावा लागतो आणि त्या साखळीत फट राहता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्याच्या एका प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ही कसोटी कडक आहे, पण ती तशीच असावी असे मला वाटते. निरपराध माणूस अडकू नये यासाठी ती आहे.

आपल्या कर्नाटक राज्यातील बेंगळुरूचे शाकिरा खलीली प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण तेथे संपत्ती बायकोची होती आणि नवरा, स्वामी श्रद्धानंद, याने सुपारी दिली नव्हती, स्वतःच खून केला होता. १९९१ मध्ये त्या दिसेनाशा झाल्या. त्या बाहेरगावी गेल्या आहेत असे तो सांगत राहिला आणि मुखत्यारपत्राच्या आधारे त्यांच्या मालमत्तेचे व्यवहार करत राहिला. मुलीने आईचा शोध सोडला नाही म्हणून १९९४ मध्ये त्यांच्याच घराच्या अंगणात त्यांचा सांगाडा सापडला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून त्याला मरेपर्यंत तुरुंगातच ठेवण्याचा आदेश दिला. मावशीचा प्रश्न येथेही तंतोतंत लागू पडतो.

बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांत कन्नड कागदपत्रे वाचणारे आणि मराठीत लिहिणारे लोक घरोघर आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी असे एखादे निकालपत्र, फेरफाराच्या नोंदी आणि मुखत्यारपत्रे समोर ठेवून, बाईच्या बाजूने पुस्तक लिहावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.