तुम्ही विचारलंत म्हणून: एचआयव्हीने मेंदूतल्या पेशी मरतात का?

मेंदूच्या स्लाइड बघणं हे माझं काम, म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो, "एचआयव्हीमुळे डिमेन्शिया (आठवण, विचारशक्ती ढासळणं) होतो म्हणजे तो व्हायरस मेंदूच्या पेशी खातो का हो?" नातेवाईक विचारतात, विद्यार्थी पण विचारतात.

पहिली गोष्ट, न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशींमध्ये, हा व्हायरस जवळजवळ शिरतच नाही. लागण झालेल्या मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंदूत जातात आणि त्यांच्यासोबत तोही जातो, तेही इन्फेक्शनच्या अगदी सुरुवातीच्या काळात, आणि मग मुक्काम करतो रक्तवाहिन्यांभोवतीच्या मॅक्रोफेजमध्ये आणि मायक्रोग्लियामध्ये, म्हणजे मेंदूची राखण करणाऱ्या पेशींमध्येच. त्या चिडतात, सूज आणणारी रसायनं सोडत राहतात, व्हायरसची जीपी१२० आणि टॅट ही प्रोटीन्सही विषारी, आणि सगळा मार बसतो शेजारच्या न्यूरॉनना ज्यांना स्वतःला लागण झालेलीच नसते.

स्लाइडवर मग काय दिसतं, तर एरवी सगळीकडे विखुरलेल्या मायक्रोग्लिया जागोजागी पुंजके करून बसलेल्या, काही मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी झालेली (ती दिसली की मी थांबतेच, या आजाराची ती मोठी खूण आहे), अॅस्ट्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी, फुगलेले, व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूतला न्यूरॉनच्या तंतूंचा भाग, फिकं. बेसल गँग्लिया या आतल्या भागात तर हे जास्तच.

आणि न्यूरॉन? १९९१ मध्ये कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, पुढच्या भागात ते बरेच कमी झाल्याचं मोजून दाखवलं गेलं आणि सगळ्यांना वाटलं उत्तर मिळालं. पण पुढे बघितलं तर किती न्यूरॉन गेले आणि डिमेन्शिया किती तीव्र होता याचा मेळच बसेना! मेळ बसला तो डेन्ड्राइटशी, म्हणजे न्यूरॉनच्या फांद्यांशी, १९९७ च्या सुमारास. पेशी जागेवर उभी असते पण पानगळ झालेल्या झाडासारखी, फांद्या आखडलेल्या, त्यांच्यावरचे बारीक काटे गळलेले, त्यामुळे शेजारच्या पेशींशी असलेले सिनॅप्स, म्हणजे जोडण्या, तुटलेले. नुसती डोकी मोजून हे कळणार कसं? म्हणून मी "पेशी मरतात" एवढंच उत्तर देत नाही, काही मरतात हे खरं, पण माणसाचं जे हरवतं ते जास्त करून या जोडण्यांमध्ये हरवतं.

यातून मला आशाही वाटते, कारण मेलेला न्यूरॉन परत येत नाही पण जिवंत न्यूरॉनच्या फांद्या काही प्रमाणात सावरू शकतात. १९९६ नंतर एकत्रित औषधं, म्हणजे एआरटी आली आणि तीव्र डिमेन्शिया खूपच कमी झाला, सौम्य त्रास मात्र औषधं चालू असतानाही काहींना होतो. तो बहुतेकदा विसरण्याच्या आधी मंदपणात दिसतो, उत्तर द्यायला वेळ लागणं, लक्ष न टिकणं, दोन कामं एकदम न जमणं, चालणं हळू होणं. घरच्यांना तो आळस किंवा उदासपणा वाटतो. असं काही दिसलं तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.