वयाच्या उतरणीवर दमा आणि व्यायाम : माझा अनुभव

साठी उलटल्यानंतर दम्यामुळे माझे हिंडणे-फिरणे हळूहळू आक्रसत गेले. पंप नियमित चालू होता, तरीही जिना चढताना धाप लागे, त्यामुळे भाजी आणण्याचे कामही सुनेकडे गेले. छातीरोगतज्ज्ञांनी स्पायरोमेट्री (यंत्रात जोराने फुंकून करायची श्वासाची चाचणी) पाहून सांगितले की, औषधांनी श्वासनलिका बऱ्यापैकी मोकळ्या आहेत. आता लागणारी धाप बरीचशी पायांतली ताकद गेल्यामुळे आहे. धापेच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, स्नायू आणखी दुबळे होतात आणि मग तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. हे चक्र तोडण्यासाठी त्यांनी मला फुफ्फुस पुनर्वसनाच्या, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाच्या रीती शिकवणाऱ्या, ८ आठवड्यांच्या कार्यक्रमात पाठवले.

सुरुवातीला सहा मिनिटे चालण्याची चाचणी झाली. रुग्णालयाच्या ३० मीटरच्या मार्गिकेत येरझारा घालायच्या, दम लागला तर थांबायचे, पण घड्याळ चालूच राहते. चाचणीच्या आधी आणि नंतर धाप किती लागली, याला ० ते १० पैकी आकडा द्यायचा असतो. पुढचा सगळा व्यायामही याच आकड्यावर बेतलेला होता : ३ ते ४ एवढी धाप लागलीच पाहिजे, त्याहून जास्त झाली तर वेग कमी करायचा. धाप लागणे म्हणजे संकटच, अशी समजूत घेऊन जगलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून व्यायामाच्या १५ मिनिटे आधी मी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप घेत असे आणि त्यानंतर सावकाश चालून शरीर तापवत असे. श्रमात आपण तोंडाने भराभर श्वास घेतो, त्या कोरड्या हवेने श्वासनलिकांचे अस्तर सुकते आणि त्या आवळतात. म्हणून ही तयारी. मग सायकल, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे आणि रबरी पट्टा ताणणे. जिन्याची रीत वेगळी शिकवली : पायरीवर उभे राहून नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून तो सोडत पुढच्या पायऱ्या चढायच्या.

श्रमाची धाप आणि दम्याचा झटका यांतला फरक ओळखायला शिकणे मला सर्वांत मोलाचे वाटते. श्रमाची धाप, कोपरे गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसले की, काही मिनिटांत उतरते. पण थांबल्यावरही छाती आवळत गेली, घरघर किंवा खोकला वाढू लागला, तर तो दमा आहे आणि तेव्हा सालब्युटामॉलचा पंप घ्यायचा.

तिथे सगळी औषधेही तपासली गेली. माझ्यासोबतच्या एका गृहस्थांना काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू होते. हे थेंब डोळ्यांत घातले तरी रक्तात उतरून दमा बळावू शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांशी बोलून ते बदलण्यात आले. आपल्या वयात प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा असतो, तेव्हा डोळ्यांचे औषधसुद्धा छातीच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

शेवटच्या चाचणीत मी पहिल्यापेक्षा बरीच जास्त चालले. स्पायरोमेट्रीचे आकडे मात्र फारसे हलले नाहीत आणि ते तसेच राहतील, याची कल्पना मला आधीच दिलेली होती. व्यायाम सोडला तर कमावलेली ताकद काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे आता मी रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चालते आणि थंडीत पालापाचोळा जाळल्याचा धूर असला की घरातच खुर्चीचे व्यायाम करते. भाजी मात्र पुन्हा मीच आणते.