साहेबांना काय आवडेल

दिवाळीच्या कॅम्पेनचा इंटरनल रिव्ह्यू झाला आज. आमच्या जाहिरात एजन्सीत रिव्ह्यूच्या आधी ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, साहेब कुठल्या मूडमध्ये आहेत, आणि उत्तर बघून डेकमधल्या स्लाइड्स उडवल्या जातात. माझ्याकडे फराळावरून सासू-सुनेच्या भांडणाची एक तिरकी लाईन होती, ती उडाली, आणि त्याऐवजी साहेबांना मागच्या वर्षी आवडलेलं तेच, दिवे, रांगोळी, घरी परतणारा मुलगा. पास झालं. वर साहेबच म्हणाले, तुम्ही लोक काही नवीन का आणत नाही? सगळे माना खाली घालून बसलेले, आता काय बोलणार कप्पाळ.

लोकांना वाटतं बॉस ओरडला की माणूस काम टाळतो. छे, उलट उशिरापर्यंत बसतो आम्ही, फक्त डोकं जाहिरातीत नसतं, साहेब काय म्हणतील यात असतं. क्रिस्टीन पोराथ आणि आमिर एरेझ या संशोधकांनी २००७ साली छापलेले प्रयोग आहेत, त्यात लोकांना विटेचे सुचतील तितके उपयोग सांगायचे होते. ज्यांच्याशी आधी कोणी उद्धटपणे वागलं होतं त्यांना कमी सुचले, आणि जे सुचले तेही ठोकळेबाज. आणि हे एकदाच अपमान झाल्यावर हं, इथे तर रोजचंच आहे.

साहेब स्वतः भारी लिहितात, ते नाकारत नाही मी. पण 'मलाही असंच घडवलंय' हे जे ते ऐकवतात ना, ते नाही पटत, ओरडा खाऊन जे लिहायचेच थांबले त्यांचा हिशोब कोण ठेवतो?

सगळ्यात वाईट म्हणजे हे खाली झिरपतं. आमचा टीम लीड म्हणजे गरीब गाय, तो आज इंटर्नला म्हणाला, "डोकं घरी ठेवून येतेस का?" साहेबांचं वाक्य, जसंच्या तसं! पोरगी आली तेव्हा रोज काहीतरी वेडपट सुचवायची, आता आधी विचारते, "दादा, अप्रूव्ह झालेलं जुनं काही आहे का बघायला?"

उद्या बँकेच्या जाहिरातीचं ब्रेनस्टॉर्मिंग आहे आणि साहेब सुट्टीवर. रात्रीचे साडेअकरा झालेत, तरी ग्रुपवर आयडिया पडतच आहेत, त्यातल्या दोन तिच्या आहेत, एक तर कहर आहे.