छाट

गणपतीला निपाणीला घरी आलो होतो, पण काम पिशवीतून बरोबर आलंच. नॉर्वेतल्या अँडोयावरून उडालेल्या साउंडिंग रॉकेटची, म्हणजे वर जाऊन मोजमाप करून परत खाली पडणाऱ्या रॉकेटची, इलेक्ट्रॉनमोजणी दोन वर्षं माझ्याकडं होती. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात रॉकेट शिरण्याआधीची दहा सेकंदं मी नुसता खरखराट समजून बाजूला काढली होती. फोल्डरचं नाव 'छाट'. विडीच्या कारखान्यात चेकर नापास करून पैसे कापतो, ती छाट. शब्द आईचा, नॉर्वेकरांना समजावताना माझी पुरेवाट झाली होती.

त्या संध्याकाळी आई हजार विड्या देऊन तणतणतच आली.

"पन्नास काढल्या बघ छाटात. निम्म्या बऱ्या हुत्या की! परत बी देत न्हाईत."

सूप आपटून ती ओली पानं, पत्र्याचा फर्मा आणि कात्री घेऊन बसली. माझ्या डोक्यात तेव्हा काही दिवाबिवा पेटला नाही. वीज गेली, नेट गेलं, आणि लॅपटॉपवर तेवढं एकच फोल्डर होतं, म्हणून उघडलं.

रॉकेटवरच्या उपकरणातल्या दोन वक्र पट्ट्यांमधला विद्युतदाब पायरीपायरीनं बदलतो, आणि दर पायरीला ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन पलीकडं पोचतात. खरखराट असता तर सगळ्या पायऱ्यांवर सारखाच सांडला असता. एका फेरीत एखाद्याच इलेक्ट्रॉनचा ठोका, त्यावरून काय कळणार? दहाही सेकंदांची बेरीज मारली. हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या खाली ढीग, वर सपाट! दिशा लावून पाहिल्या. वरून येणारे जास्त, खालून परतणारे कमी. गेलेले हवेत जिरले होते. जमिनीवरच्या कॅमेऱ्याला तिथं काळं आकाश दिसलं होतं, तेही बरोबरच. इतके अशक्त इलेक्ट्रॉन उंचावरच अडकतात. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा हिरवा पट्टा पेटवायला खाली उतरतील कुठले?

"आपल्याकडनं न्हाई उडवत व्हय असलं?" पानं कापता कापता आईनं विचारलं.

म्हटलं, केरळात थुंब्याहून १९६३ पासून रॉकेटं उडतात. पण तिथं पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला जवळजवळ समांतर. हे इलेक्ट्रॉन रेषा धरून घसरतात, ते ध्रुवाकडंच खाली येतात.

"आणि घावले किती?"

"तीनशेबारा."

पंचविसाचं एक बंडल. तिनं मनातल्या मनात हिशेब केला.

"साडेबारा बंडलं. एवढ्याला दोन वर्सं? माझं दुपारपतूर हुतंय की!"