आमची वाटचाल: बदललेली तीन मॉड्यूल

व्यवसाय सुरू केला तेव्हा आमच्याकडे दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि एकच उत्पादन होतं: प्रयोगशाळेतले नमुने थंड ठेवणारी छोटी पेटी. आत पेल्टिअर मॉड्यूल (वीज दिली की एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती), त्याच्या गरम बाजूला उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक आणि पंखा, आणि मॉड्यूलमधला प्रवाह ठरल्या जागी धरून ठेवणारं आम्हीच आखलेलं सर्किट. व्होल्टेजचे चढ-उतार पडद्यावर रेघेत दाखवणारा ऑसिलोस्कोप नव्हता. चार पेट्या विकल्या गेल्या की घेऊ, असं ठरलं होतं.

सर्किट साधं होतं. मॉड्यूलच्या वाटेत प्रवाह मोजायला ०.१ ओहमचा शंट रेझिस्टर. ३ अँपिअर वाहिले की त्याच्यावर ०.३ व्होल्ट. ऑप-अँप ही चिप हा व्होल्टेज आम्ही दिलेल्या संदर्भाशी ताडून पाहायची आणि मॉस्फेटच्या (प्रवाहाला नळासारखी वाट देणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटवरचा, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या टोकावरचा, व्होल्टेज कमी-जास्त करायची. कारखान्यात सगळं चोख चालायचं. पहिल्याच मोठ्या गिऱ्हाइकाकडून मात्र तक्रार आली: "पेटी थंड होते, पण तुम्ही सांगितलं होतं तेवढी नाही. आणि हीटसिंकला हात लाववत नाही."

आम्ही मॉड्यूलवर संशय घेतला. काढून मल्टिमीटरवर ओहम मोजले तर आकडा दर वेळी वेगळा. मॉड्यूल गेलं, असं म्हणून नवीन बसवलं. असं तीनदा झालं. त्या मोजणीतच आमची चूक होती, हे तेव्हा उमगलं नाही. मॉड्यूलच्या दोन बाजूंच्या तापमानात जरा फरक असला की ते स्वतःच व्होल्टेज तयार करतं. १८२१ मध्ये सीबेकने पाहिलेला परिणाम तो हाच. नुसता तळहात एका बाजूला टेकवा, मीटरवर मिलिव्होल्ट दिसायला लागतात. ओहमच्या पट्टीवर मीटर स्वतःचा बारीकसा प्रवाह सोडून व्होल्टेज वाचतो, त्यात हे मिलिव्होल्ट मिसळले की आकड्याला काही अर्थ उरत नाही. मॉड्यूल दोन्ही बाजूंनी सारख्या तापमानाला येऊ द्यायचं, दोन्ही दिशांनी मोजायचं आणि सरासरी घ्यायची, एवढं तरी करायला हवं होतं.

चौथ्या वेळी पेटी तिच्या वायरींसकट परत आली तेव्हा आमचे सोल्डरिंग करणारे काका म्हणाले, "मॉड्यूलला हात लावू नका. आधी तिथे नुसता रेझिस्टर लावून बघा." दोन ओहमचा जाड रेझिस्टर जोडला. मीटरवर ३.०० अँपिअर. मॉड्यूल जोडलं, तरी ३.०० अँपिअर. सर्किट निर्दोष, असंच कुणीही म्हटलं असतं. मग एका मित्राचा ऑसिलोस्कोप उसना आणला आणि प्रोब शंटवर टेकवला. सरळ रेघेऐवजी पडदाभर उंच-सखल लाटा! प्रवाह सेकंदाला हजारो वेळा शून्याजवळून ६ अँपिअरपर्यंत उड्या मारत होता. मीटर त्याची सरासरी काढून आम्हाला शांतपणे तीन दाखवत होता.

आता सगळा उलगडा झाला. मॉड्यूलची थंडी सरासरी प्रवाहाच्या प्रमाणात मिळते, पण आतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. सलग ३ अँपिअरला वर्ग ९. अर्धा वेळ ६ आणि अर्धा वेळ शून्य असेल, तर वर्गाची सरासरी १८. थंडी तेवढीच, फुकटची उष्णता दुप्पट. त्यातली निम्मी थंड बाजूलाच परत येते. हीटसिंक का भाजत होता, तेही कळलं.

दोष गेटपाशी होता. ऑप-अँप थेट मॉस्फेटच्या गेटला जोडलेला, आणि गेट म्हणजे त्याच्या दृष्टीने चांगला मोठा, भरायला वेळ घेणारा कपॅसिटर. त्यामुळे दुरुस्ती उशिरा पोचायची, ऑप-अँप आणखी जोर लावायचा आणि सर्किट डोलायला लागायचं. कारखान्यात वायर वीतभर, म्हणून निभावून जायचं. गिऱ्हाइकाकडे मॉड्यूलपर्यंत लांब वायर होती आणि आधीच काठावर असलेलं सर्किट पडलं. गेटच्या वाटेत १०० ओहम टाकले, शंटवरचा व्होल्टेज ऑप-अँपकडे परत नेणाऱ्या फीडबॅकच्या वाटेत १ किलोओहम, आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून उलट्या इनपुटपर्यंत एक छोटा कपॅसिटर. लाटा बसल्या. पडद्यावर एकच शांत रेघ. काका काही बोलले नाहीत, फक्त प्रोब पुन्हा एकदा टेकवून पाहिला.

त्यानंतर पहिली खरेदी ऑसिलोस्कोपची झाली. आता कुठलाही बोर्ड आधी रेझिस्टरवर आणि मग सगळ्यात लांब वायरवर चालतो. सेटिंग झटक्यात बदलून प्रवाह किती वर उसळतो आणि किती वेळात स्थिर होतो, ते पाहिल्याशिवाय आम्ही पेटी बंद करत नाही. पुढे मॉस्फेटची उष्णता टाळायला आम्ही स्विचिंग पद्धतीवर (मॉस्फेट झपाट्याने चालू-बंद करण्यावर) गेलो, तेव्हाही फिल्टर असा घेतला की प्रवाहातली लहर १० टक्क्यांच्या आत राहील.

बदलून ठेवलेली ती तिन्ही मॉड्यूल नीट तपासली. तिन्ही धडधाकट निघाली. आज आमच्या तपासणीच्या टेबलावर रोज तीच चालतात.